दुखणें उलटतें तेव्हां : दाहक संधिवात व शेतकऱ्याचे हात

मृगाचे दिवस जवळ आले म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतून बियाण्याच्या व खताच्या गोष्टींबरोबर सांध्यांच्या गोष्टीही निघूं लागतात. आभाळ भरलें कीं कोणाचे गुडघे धरतात, कोणाची कंबर वांकत नाहीं, कोणाचा पूर्वीं मोडलेला हात ठणकूं लागतो. यांतील बहुतेक दुखणीं श्रमाचीं व वयाचीं असतात आणि शेतकरी त्यांची फारशी पर्वा करीत नाहीं. परंतु ज्यांना एकदां दाहक संधिवात होऊन गेला आहे, महिनेच्या महिने औषध घेऊन ज्यांनीं तो कसाबसा आवरला आहे, त्यांची गोष्ट निराळी. सकाळीं बोटें जराशीं ताठ वाटलीं कीं त्यांच्या मनांत पहिला विचार येतो तो हा, कीं तें परत तर आलें नाहीं ना? दुखण्याइतकीच ही धास्तीही माणसास खाते. या धास्तीचा निकाल कसा लावावा, आणि दुखणें खरोखरच उलटलें असेल तर काय करावें, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेतकी मासिकांत रोगचिकित्सा कशाला, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, औत, बैल, पंप व बियाणें यांची आपण जितकी निगा राखतों तितकी खुरपें धरणाऱ्या बोटांची राखीत नाहीं. आणि हा रोग थोडक्यांचा नव्हे. पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं १९९६ सालीं डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानें आंखलेल्या पद्धतीप्रमाणें घरोघर फिरून चार हजारांवर प्रौढ स्त्रीपुरुषांची पाहणी केली. तींत शंभरांमागें सुमारें अठरा माणसांस हाडांचें, सांध्यांचें अगर स्नायूंचें कांहीं ना कांहीं दुखणें आढळलें. आणि ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो दाहक संधिवात दर दोनशांत सुमारें एकास. दोनशांत एक म्हणजे प्रत्येक लहानशा गांवांत दोनचार घरें तरी आलींच. पुरुषांपेक्षां बायकांत याचें प्रमाण सुमारें तिप्पट असतें, आणि तोही बहुधा भर उमेदींत, तिशी ते साठीच्या दरम्यान गांठतो. आमचे वैद्य ज्याला आमवात म्हणतात त्याचीं लक्षणें याच्याशीं पुष्कळ जुळतात. माधवनिदानांत आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे, तेव्हां रोग कांहीं नवा नाहीं.

प्रथम झीज आणि दाह यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे, कारण अर्धी धास्ती येथेंच नाहींशी होते. झिजलेला सांधा कामानें दुखतो व विसाव्यानें निवतो. दिवसभर ओझें वाहिलेल्या माणसाचे गुडघे संध्याकाळीं बोलूं लागतात, रात्रीं शांत होतात. सकाळीं उठतांना पांचदहा मिनिटें आखडल्यासारखें वाटतें आणि अंगणापर्यंत चालून आलें कीं पाय मोकळे होतात. दाहाची तऱ्हा याच्या उलट. तो विसाव्यानें वाढतो. रात्रीच्या उत्तरार्धांत दुखण्यानें जाग येते, सकाळीं अर्धा तास, तास, कित्येकांस दोन दोन तास हात कामास लागत नाहींत, आणि दुपारपर्यंत हालचाल झाली म्हणजे उलट बरें वाटतें. सांध्यावर मऊ, ऊनऊन सूज असते. नुसतें हाड मोठें झालेलें नसतें. सूज बहुधा दोन्हीं हातांस सारखी. मुठीच्या उंचवट्यांवर, बोटांच्या मधल्या पेऱ्यांवर, मनगटांत, तसेंच पावलाच्या चवड्यांत. नखाजवळचा शेवटचा सांधा मात्र या रोगांत बहुधा सुटतो. तेथें गांठी आल्या असतील तर त्या वयाच्या झिजेच्या समजाव्या. याखेरीज अंगांत कणकण, अन्नावर वासना नसणें, काम न करतांही थकून जाणें हीं लक्षणें असतात. झिजलेला गुडघा माणसास लंगडा करतो, दाह माणसास आजारी करतो.

खेड्यांत ही परीक्षा करण्यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं. पहांटे म्हैस दोहावयास बसलेल्या बाईस आंचळावर मूठ आवळतां येते कीं नाहीं, हें तिला पहिल्या धारेलाच कळतें. भाकरी थापतांना तळवा सपाट पडतो कीं नाहीं, वेणी घालतांना बोटें मागें वळतात कीं नाहीं, कालपर्यंत सैल फिरणाऱ्या बांगड्या मनगटाला कां रुततात, जोडवें कां निघत नाहीं, हीं सगळीं मापेंच होत. आमच्या मतें या मापांची दखल घराघरांतून वेळेवर घेतली गेली तर निम्म्याहून अधिक हात वांकडे होण्यापासून वांचतील. पण घडतें काय? बाई दुखणें झांकते. सून तरुण असली तर कामचुकारपणाचा आळ येईल या भयानें, आणि सासू असली तर घरचा कारभार हातचा जाईल या भयानें. आणि पुरुष तर दुखण्याचा उच्चार करणें हेंच कमीपणाचें मानतो.

गेल्या फाल्गुनांत एका सभासद भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांस तीन वर्षांपूर्वीं हा रोग जडला होता. औषधानें तो आटोक्यांत आला. दोन वर्षें त्यांनीं घरच्या सगळ्या कामांबरोबर कांद्याची लावण व काढणीही केली. दिवाळीनंतर, आतां बरें आहे, उगाच खर्च कशाला, म्हणून त्यांनीं गोळ्या आपणच बंद केल्या. दोन महिने कांहीं झालें नाहीं. मग थंडी सरतां सरतां उजव्या हाताचे दोन उंचवटे सुजले, पाठोपाठ डाव्याचे. घरांत सर्वांचें मत पडलें कीं हा हवेचा दोष आहे. बाईंचा प्रश्न एवढाच होता, कीं शेतांतला कांदा काढून होईपर्यंत, म्हणजे महिना दीड महिना, कळ काढली तर चालेल काय?

आम्हीं त्यांस उलट टपालीं कळविलें कीं चालणार नाहीं. कारण दाह म्हणजे नुसती वेदना नव्हे. सांध्याच्या आंतील जें पातळ अस्तर असतें तें या रोगांत फुगतें, जाड होतें, आणि जवळची कूर्चा व हाड यांना कुरतडूं लागतें. रोगाच्या पहिल्या दोन वर्षांतच पुष्कळांच्या क्ष-किरणांच्या चित्रांत हाडाला पडलेलीं खांडें दिसतात. वेदना औषधानें जाते, सूजही जाते. कुरतडलेलें हाड मात्र पूर्ववत् होत नाहीं. शिवाय रोग आवरणारीं मुख्य औषधें चढावयास सहा ते बारा आठवडे घेतात. म्हणजे दीड महिना वाट पाहून मग औषध सुरू केलें, तर दाहास चार महिने मोकळें रान मिळालें असा हिशेब होतो. कांद्याचा एक हंगाम बुडाला तर पुढला येतो; उजव्या हाताची पकड गेली तर ती कोणत्याही हंगामांत परत येत नाहीं.

आतां, बरा झालेला रोग परत येतो तरी कां? याचें उत्तर असें कीं तो बरा झालेला नसतो, दबलेला असतो. ज्याच्या रानांत हराळी आहे त्याला हें अधिक समजावून सांगण्याची जरूर नाहीं. वरून खुरपून काढलेलें रान आरशासारखें स्वच्छ दिसतें, पण जमिनींतल्या कांड्या जिवंत असतात, आणि एका पावसांत पुन्हां हिरवें पसरतें. शरीराची जी रक्षणशक्ति बाहेरच्या जंतूंशीं लढावयाची, तीच या रोगांत आपल्या सांध्यांना परकें समजूं लागते. आणि ही चुकीची ओळख एकदां पडली म्हणजे बहुधा पुरतेपणीं पुसली जात नाहीं. औषध तिला गप्प बसवितें इतकेंच. नॉर्वे देशांत या प्रश्नाची पद्धतशीर परीक्षा झाली व तिचा निकाल २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचा रोग वर्षभर पूर्ण शांत होता अशांचे दोन गट करून एकास पूर्वींचीच मात्रा चालू ठेवली व दुसऱ्याची निम्मी केली. वर्षाअखेर पूर्ण मात्रेच्या गटांत शंभरांपैकीं सहांचा रोग उलटला, निम्म्या मात्रेच्या गटांत पंचविसांचा. या आंकड्यांचा अर्थ दोन्हीं बाजूंनीं वाचावा. मात्रा निम्मी करूनही शंभरांतले पंचाहत्तर वर्षभर ठीक राहिले. तेव्हां मात्रा कधीं कमी करूंच नये असें नाहीं. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, हळूहळू, आणि उलटल्यास ताबडतोब वाढविण्याच्या तयारीनें कमी करावयाची असते. आपल्याच मनानें डबा बंद करून फळीवर टाकणें हें निराळें.

औषध सोडणें हें सर्वांत मोठें कारण झालें, तरी एकच नव्हे. बाळंतपणानंतर कित्येक स्त्रियांचा रोग उसळतो. गर्भारपणीं तो पुष्कळदां आपोआप निवलेला असतो, त्यामुळें ओली बाळंतीण घाबरून जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांस हा रोग अधिक होतो व त्यांस औषधाचा गुणही कमी येतो, हें सिद्ध झालेलें आहे. कधीं एखादा ताप येऊन जातो व त्यामागून सांधे धरतात. आणि कधीं कांहींच कारण सांपडत नाहीं. अशा वेळीं रोग्यानें स्वतःला बोल लावीत बसूं नये.

हवेविषयीं सांगावयाचें तर जुना समज अगदींच टाकाऊ नाहीं. इंग्लंडांत मँचेस्टर येथील संशोधकांनीं अडीच हजारांवर रोग्यांच्या रोजच्या नोंदी हवामानाशीं ताडून पाहिल्या. दमट, वाऱ्याच्या व हवेचा दाब उतरलेल्या दिवशीं वेदना थोडी अधिक, असें त्यांना २०१९ सालीं आढळून आलें. पण थोडीच. ढगाळ दिवशीं वेदना वाढली व ऊन पडतांच गेली, तर रोग उलटला असें समजूं नये. सूज आली आणि चारआठ दिवस हटली नाहीं, तर हवेवर घालून स्वस्थ बसूं नये. आहाराचेंही तसेंच. वांगें, बटाटा, हरभऱ्याची डाळ, ताक, आंबट असें एकेक करून सगळेंच बंद केलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. या पदार्थांनीं दाहक संधिवात उलटतो याला आधार नाहीं. एखाद्यास अमुक पदार्थ सोसत नाहीं असा वारंवार अनुभव असेल तर त्यानें तो वर्ज्य करावा. पण आधींच रोगानें मांस झडलेल्या माणसाची डाळ व दूध तोडणें यास आम्ही पथ्य म्हणणार नाहीं.

औषधांविषयीं दोन शब्द

या रोगावर आज मुख्य औषध आहे तें मेथोट्रेक्झेट. याच्या जन्मकथेंत आपल्या देशाचा एक सुपुत्र आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आंध्रांतील भीमवरम् येथें १८९५ सालीं जन्मलेले येल्लाप्रगड सुब्बाराव हे अमेरिकेंत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या नेतृत्वाखालीं तेथें प्रथम अमिनॉप्टेरिन व मग मेथोट्रेक्झेट हीं द्रव्यें तयार झालीं. हेतु रक्ताच्या कर्करोगावर उपाय शोधण्याचा होता. सुब्बाराव १९४८ सालीं वारले. १९५१ सालीं अमिनॉप्टेरिन संधिवाताच्या कांहीं रोग्यांस देऊन पाहण्यांत आलें, आणि अमेरिकेच्या सरकारनें मेथोट्रेक्झेटला या रोगासाठीं रीतसर मान्यता दिली ती १९८८ सालीं. आज तें स्वस्त आहे आणि तालुक्याच्या गांवींही मिळतें.

परंतु याच्या एका गोष्टीबद्दल आम्ही वाचकांस हात जोडून बजावितों. संधिवातासाठीं हें औषध आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. रोज नव्हे. चुकून रोज घेतलें तर तोंड सोलून निघतें, रक्तांतील पेशी बनावयाच्या थांबतात, आणि माणूस दगावतो. असे अपघात घडलेले आहेत. ज्या घरांत वाचतां येणारें माणूस नाहीं तेथें आमची सूचना अशी कीं, गांवच्या आठवडे बाजाराचा वार हाच गोळीचा वार ठरवावा. बाजार कोणी विसरत नाहीं. फॉलिक ॲसिडची गोळी निराळ्या वारीं, डॉक्टर सांगतील तशी घ्यावी. तिनें मळमळ व तोंड येणें कमी होतें. रक्ताची तपासणी ठरल्या वेळीं करून घ्यावी. या औषधाबरोबर दारू वर्ज्य. को-ट्रायमॉक्साझोल नांवाची जंतुनाशक गोळी याच्या जोडीला पोटांत जाऊं देऊं नये; यासाठीं दुसऱ्या कोणत्याही आजारास दवाखान्यांत गेलें तरी आपण काय घेतों तें प्रथम सांगावें. मूल व्हावें अशी इच्छा असेल तर आधीं कांहीं महिने डॉक्टरांना सांगून हें औषध बदलून घ्यावें, कारण गर्भास तें घातक आहे.

दुसरें औषध स्टिरॉइड. त्याची कथाही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच या डॉक्टरांनीं पाहिलें होतें कीं कावीळ झाली किंवा दिवस गेले म्हणजे या रोगाच्या कांहीं बायकांचे सांधे निवतात. त्यावरून शरीरांतच कांहीं शामक द्रव्य असावें असा तर्क करून त्यांनीं सप्टेंबर १९४८ मध्यें एका तरुण रोगी स्त्रीस कॉर्टिझोन टोंचलें. अंथरुणांतून न उठणारी ती बाई थोड्याच दिवसांत चालूं लागली. १९५० सालीं हेंच, केंडॉल व राइखस्टाइन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पण औषध थांबवितांच रोग परत येतो, आणि चालू ठेवलें तर तें औषधच निराळे रोग जडवितें, हें लवकरच कळून आलें. तोंडावर सूज, रक्तांत साखर, ठिसूळ हाडें, डोळ्यांत मोतीबिंदु. आज शहाणे डॉक्टर तें थोडक्या मात्रेंत, थोडे दिवस, मुख्य औषध चढेपर्यंत आधार म्हणून वापरतात, आणि तें योग्यच आहे.

आमचा राग आहे तो पुड्यांवर. "संधिवातावर रामबाण" म्हणून यात्रांतून, बाजारांतून व कित्येक ओसऱ्यांवरूनही ज्या पुड्या व काळ्या गोळ्या विकल्या जातात, त्यांपैकीं कित्येकांत जडीबुटीच्या नांवाखालीं स्टिरॉइड मिसळलेलें असतें. ज्या औषधानें दोन दिवसांत जादू केल्याप्रमाणें सर्व सूज उतरते व तें सोडतांच दुप्पट उसळते, त्याचा संशय धरावा. मात्र अशी पुडी महिनोन् महिने घेतलेल्या माणसानें हा लेख वाचून ती एकदम टाकून देऊं नये. शरीर स्वतःचें द्रव्य बनविण्याचें विसरलेलें असतें. एकाएकीं थांबविल्यास गळून जाऊन जिवावर बेततें. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावें व ती दाखवावी.

वेदनाशामक गोळ्या दोन चार दिवस घेण्यास हरकत नसते, पण त्या रोग थांबवीत नाहींत. उन्हांत घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांस त्या विशेष बाधतात. डायक्लोफिनॅक हें त्यांतलेंच एक. गुरांना तें टोंचल्यामुळें त्यांचीं मढीं खाणारीं गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, आणि २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं तें तयार करण्यास मनाई केली, हें आमच्या वाचकांस स्मरत असेल. माणूस म्हणजे गिधाड नव्हे हें खरें. तरी रोज सकाळीं चहाबरोबर अशी गोळी घेणारांनीं ही गोष्ट आठवावी.

उलटल्यासारखे दिसणारे इतर रोग

सांधे पुन्हां सुजले म्हणजे जुनाच रोग उलटला असें नेहमींच नसतें. चिकनगुनियाचें उदाहरण घ्या. १९७३ सालीं सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीस त्याची मोठी सांथ आली होती. पुढें तीस वर्षें तो आपल्याकडे जवळजवळ दिसेनासा झाला, आणि २००५-०६ सालीं परतला तो घरेंच्या घरें आडवीं करून. ताप आठवड्यांत जातो, पण मनगटें, घोटे व बोटें कित्येकांचीं महिनेच्या महिने, क्वचित् वर्षावर दुखत राहतात. याचा डांस दिवसां चावतो आणि रांजण, हौद, फवारणीचें पिंप अशा सांठवलेल्या स्वच्छ पाण्यांत वाढतो. तीं आठवड्यांतून एकदां कोरडीं करावीं. ज्यास पूर्वींचा संधिवात आहे त्यास नवा ताप येऊन गेला असेल तर तें डॉक्टरांस अवश्य सांगावें.

दुसरा रोग आमच्या गोठ्यांतला आहे, आणि त्याविषयीं आम्हांस थोडें अधिक लिहिलें पाहिजे. गाई-म्हशी गाभण राहून सहाव्या महिन्यानंतर गाभडतात, वार अडकते, पुढें पुन्हां लागत नाहींत; अशा गोठ्यांत ब्रुसेला जंतूचा संशय घ्यावा. डेव्हिड ब्रूस यांनीं हा जंतु १८८७ सालीं माल्टा बेटावर तापानें मेलेल्या सैनिकांत शोधला, व दहा वर्षांनीं डेन्मार्कांत बँग यांनीं गाईंच्या गर्भपाताचें कारण म्हणून त्याचा भाऊबंद दाखवून दिला. माणसास हा कच्च्या दुधांतून व गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातानें काढल्यानें लागतो. ताप येतो, जातो, पुन्हां येतो, घाम फुटतो, कंबर, माकडहाड, खुबा व गुडघे दुखतात. संधिवात म्हणून वर्षानुवर्षें औषध घेतलेले, आणि खरा रोग हा निघालेला, असे रोगी असतात. याला दोन जंतुनाशक औषधें मिळून सहा आठवडे घ्यावीं लागतात. दहा दिवसांत बरें वाटलें म्हणून सोडलीं कीं तोही उलटतो. म्हणून ज्याच्या घरीं जनावरें आहेत त्यानें सांधेदुखीसाठीं डॉक्टरांकडे गेल्यावर, गोठ्यांत गर्भपात झाला असल्यास तें विचारण्याची वाट न पाहतां सांगावें. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींस व पारड्यांस याची लस आयुष्यांत एकदां टोंचतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांत तिचा समावेश आहे. दूध उकळल्याशिवाय पिऊं नये, आणि पडलेलें वासरूं व वार हातमोजे घालून चुन्यासह खोल पुरावी.

मुलांचें सांधे धरणें ही तर अगदींच वेगळी बाब. पांच ते पंधरा वर्षांच्या मुलास घसा दुखल्यानंतर दोनतीन आठवड्यांनीं ताप येऊन आज गुडघा, उद्यां घोटा, परवां कोंपर असें दुखणें फिरूं लागलें, तर तो संधिज्वर असूं शकतो. सांधे आपोआप सुधारतात, आणि आईबाप निर्धास्त होतात. पण हृदयाच्या झडपांस धक्का बसलेला असतो, व पुढल्या प्रत्येक उलटीस तो वाढतो. तीन किंवा चार आठवड्यांनीं एक पेनिसिलिनची सुई, वर्षानुवर्षें, हाच त्यावर बांध. ती चुकवूं नये. पायाच्या आंगठ्याला मध्यरात्रीं एकाएकीं आग लागल्याप्रमाणें येणारें दुखणें तें वातरक्त. त्याविषयीं पुन्हां केव्हां तरी लिहूं.

एक सांधा फार लाल व कढत, भरपूर ताप, आणि तो मुळींच हलवतां येत नाहीं, असें झालें तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. सांध्यांत पू झाला असण्याचा संभव असतो, आणि एकदोन दिवसांच्या उशिरानें सांधा जातो. संधिवाताच्या औषधांनीं रक्षणशक्ति उणी झालेली असते, म्हणून अशा रोग्यास याचा धोका अधिक. महिनाभर टिकणारा खोकला, तोंडांतील चट्टे, दम लागणें हेंही त्यांनीं अंगावर काढूं नये.

शंका वाटूं लागली कीं पहिलें काम म्हणजे वही करणें. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्या शेतकऱ्यास हें जड नाहीं. रोज सकाळीं तीनच गोष्टी टिपाव्या : हात मोकळे व्हावयास किती मिनिटें लागलीं, किती सांधे सुजलेले आहेत, आणि मूठ पुरी मिटते कीं नाहीं. आठ दिवसांत चित्र स्पष्ट होतें. मिनिटें पांचावरून दहावर जाऊन पुन्हां पांचावर आलीं तर कामाचा शीण होता. दहावरून तीस, तिसांवरून साठ अशीं चढत गेलीं तर वही घेऊन सरळ डॉक्टरांकडे जावें. तेथें रक्तांतील दाहाची तपासणी होईल. पण ती एका दिवसाची असते, आणि वहींत आठ दिवस असतात. ज्यांना धास्तीनें झोंप येत नाहीं त्यांना या वहीचा आणखी एक उपयोग आहे. कालची मिनिटें व आजचीं मिनिटें समोर असलीं म्हणजे मन भलतीकडे धांवत नाहीं.

दाह चढलेला असतांना सुजलेल्या सांध्यास विसांवा द्यावा, पण अंथरूण धरूं नये. दिवसांतून दोनतीन वेळ प्रत्येक सांधा जेवढा सहज फिरेल तेवढा फिरवावा. सकाळच्या ताठरपणास कोंबट पाणी बरें. कढत सुजेवर गार पाण्याची घडी. पहांटेची धार घरांतल्या दुसऱ्यानें काढावी, कारण आंचळ आवळण्याइतका ताण बोटांच्या मुळांवर क्वचितच दुसऱ्या कामांत पडतो. घागर एका हातानें कांठाला धरून उचलूं नये, दोन्हीं तळहातांवर घ्यावी. पिळून काढण्याचें, मुठींत आवळण्याचें काम टाळावें. उकिडवें बसून खुरपण्याऐवजीं उभ्यानें चालवावयाचें सायकल कोळपें मिळत असेल तर तें घ्यावें. खुरप्याची व विळ्याची मूठ बारीक असते, ती धरावयास बोटें फार मिटावीं लागतात. तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब चार फेरे गुंडाळून वरून सुती चिंधी घट्ट बांधावी. मूठ जाड होते, घामानें निसटत नाहीं, आणि ओली झाली तर चिंधी बदलतां येते.